चार अक्षरांवर करिअर ठरवण्याआधी

प्रिय मित्रा,

तुझं पत्र दोनदा वाचलं. चाचणीत तुझा 'प्रकार' अंतर्मुख निघाला, तेव्हापासून शिकवण्याचा विचार तू डोक्यातून काढून टाकला आहेस आणि आकडेवारीच्या विश्लेषणाची नोकरी स्वभावाला धरून आहे म्हणून ती घ्यायचं जवळपास पक्कं केलं आहेस. "माझा पिंडच तो नाही, मग उगाच कशाला?" हे तुझं वाक्य मला खटकलं. नोकरीत खोट आहे असं मी म्हणत नाही. जे काम तू एकदाही करून पाहिलेलं नाहीस, त्यावर एका प्रश्नावलीच्या भरवशावर तू काट मारलीस, याची मला काळजी वाटते.

आधी त्या मायर्स-ब्रिग्ज चाचणीबद्दल. चार अक्षरांचा निकाल (प्रत्येक अक्षर म्हणजे दोन टोकांपैकी एक, जसं अंतर्मुख की बहिर्मुख) आणि त्यातून होणारे १६ प्रकार ही रचना कॅथरिन ब्रिग्ज आणि त्यांची मुलगी इसाबेल ब्रिग्ज मायर्स यांची. स्विस मनोविकारतज्ज्ञ कार्ल युंग यांनी १९२१ साली स्वभावप्रकारांची मांडणी केली होती, तिच्यावरून दोघींनी हे काम उभं केलं. दोघींपैकी कोणीच मानसशास्त्राचं रीतसर शिक्षण घेतलेलं नव्हतं. ते मला तितकंसं महत्त्वाचं वाटत नाही, कारण त्यांची निरीक्षणशक्ती दांडगी होती. खरी अडचण चाचणीच्या घडणीत आहे. माणसांची उंची मोजून सगळ्यांना फक्त 'उंच' किंवा 'बुटका' असे शिक्के मारले, तर मधल्या उंचीच्या बहुसंख्य लोकांचं जे होईल, तेच इथे होतं. बहुतेक माणसं अंतर्मुख आणि बहिर्मुख यांच्या मधोमध कुठेतरी असतात. दोन-चार उत्तरं इकडची तिकडे झाली की अक्षर बदलतं. म्हणूनच काही आठवड्यांनी तीच चाचणी पुन्हा दिल्यावर पुष्कळांचं निदान एक तरी अक्षर वेगळं येतं. नोकरभरतीसाठी ही चाचणी वापरू नये, असं तिच्या मागची संस्था स्वतःच सांगते. मग आपण आपलीच भरती तिच्यावरून का करावी?

"पण वर्णन माझ्याशी तंतोतंत जुळलं," असं तू लिहिलं आहेस. जुळणारच. बर्ट्रम फोरर नावाच्या मानसशास्त्रज्ञाने १९४८ मध्ये आपल्या विद्यार्थ्यांची व्यक्तिमत्त्व चाचणी घेतली आणि प्रत्येकाच्या हातात 'तुमचं स्वतःचं' म्हणून एक वर्णन ठेवलं. ते कितपत जुळतं, याला विद्यार्थ्यांनी ५ पैकी सरासरी ४ हून जास्त गुण दिले. वर्णन मात्र सगळ्यांना एकच दिलेलं होतं, आणि त्यातली वाक्यं बरीचशी ज्योतिषाच्या पुस्तकातून उचललेली होती. 'तुम्ही बाहेरून शिस्तीचे दिसता, पण आतून कधीकधी डळमळता' अशा धाटणीचं वाक्य कोणाला आपलं वाटणार नाही?

चाचण्या फेकून दे असं माझं म्हणणं नाही. काय विचारायचं आहे त्याप्रमाणे चाचणी निवडावी, एवढंच. करिअरसाठी मला जॉन हॉलंड यांची मांडणी कितीतरी जास्त उपयोगी वाटते. १९५९ साली त्यांनी ती पहिल्यांदा मांडली. तू कसा आहेस यापेक्षा तुला काय करायला आवडेल, यावर तिचा भर आहे. यंत्र उघडून दुरुस्त करायला आवडेल का? एखाद्या रोगाचं कारण शोधायला? आजाऱ्याची काळजी घ्यायला? हिशेबाच्या नोंदी तपासायला? अशा उत्तरांतून सहा कल निघतात: हातांनी घडवण्याचा, शोध घेण्याचा, कलेचा, माणसांना मदत करण्याचा, पुढाकार घेऊन लोकांना आपल्या बाजूने वळवण्याचा आणि नीट व्यवस्था लावण्याचा. माणूस सहांपैकी एकाच खणात बसत नाही. वरचे दोन-तीन कल एकत्र वाचायचे असतात. अमेरिकेच्या श्रम खात्याने याच पायावर ६० प्रश्नांची एक प्रश्नावली सगळ्यांसाठी मोफत ठेवली आहे. ती सोडव. मला वाटतं, तुझ्यात शोध घेण्याचा कल वर येईल, आणि त्याच्या पाठोपाठ मदत करण्याचा. तुझ्या मित्रमंडळींत अडलेलं गणित समजून घ्यायला सगळे तुझ्याकडेच येतात, हे तूच मागे लिहिलं होतंस. ते पत्र पुन्हा काढून वाच.

आता माझ्या मनातला मुख्य मुद्दा. व्यवसायाच्या नावाला स्वभाव नसतो. 'डॉक्टर' म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर एकच माणूस येतो. पण पॅथॉलॉजिस्टची सकाळ सूक्ष्मदर्शकाखाली एकामागून एक काचपट्ट्या ठेवण्यात जाते. रुग्ण समोर क्वचितच येतो, आणि अहवालातला एक शब्द चुकला तर उपचाराची दिशा चुकते. आपत्कालीन विभागातल्या डॉक्टरला अर्धवट माहितीवर काही मिनिटांत निर्णय घ्यावा लागतो आणि पुढचा रुग्ण दारात उभाच असतो. मानसोपचारतज्ज्ञ दिवसभर ऐकतो, आणि त्याच्या कामाचं फळ दिसायला महिने लागतात. पदवी एकच, दिवस तीन. यातल्या एका दिवसात फुलणारा माणूस दुसऱ्यात कोमेजून जाईल. वकिली घे, लष्कर घे, शेती घे, सगळीकडे हेच. म्हणून 'माझ्या स्वभावाला कोणतं क्षेत्र?' हा प्रश्नच मला अपुरा वाटतो. दिवसाचे आठ तास नेमके कशात जातील, ते विचार.

माझ्याकडे मार्गदर्शनाला आलेल्या एका मुलीचं सांगतो. फार शांत, चारचौघांत तोंड न उघडणारी. सगळ्यांनी तिला संशोधन किंवा ग्रंथालय सुचवलं होतं. मी तिला एवढंच म्हटलं की निर्णय घेण्याआधी तीन वेगवेगळ्या कामांच्या ठिकाणी जाऊन नुसती बसून ये. त्यातलं एक वाचा-उपचार केंद्र होतं. तिथे एक लहान मुलगा 'र'च्या जागी 'ल' म्हणायचा. उपचारतज्ज्ञ बाईंनी त्याच्यासमोर छोटा आरसा धरला, जीभ वर कुठे टेकवायची ते स्वतः करून दाखवलं, आणि मग तोच एक ध्वनी, पुन्हा आणि पुन्हा. बाकीचे पाहुणे कंटाळून घड्याळ बघायला लागले होते. ही मुलगी खुर्ची पुढे ओढून त्या मुलाच्या ओठांकडे बघत होती. परत आल्यावर तिने मला सांगितलं ते असं: "तिथे मला बोलायचं दडपण आलं नाही, कारण समोर एकच जण होता आणि करायला एक ठरलेलं काम होतं." आज ती त्याच क्षेत्रात आहे आणि दिवसभर बोलते. तिचा अंतर्मुखपणा खराच होता. फक्त तो घोळक्याबद्दल होता, माणसांबद्दल नव्हता. कोणत्याही चाचणीच्या चार अक्षरांत हा फरक मावत नाही. तुझ्या बाबतीतही तो तपासल्याशिवाय शिकवणं सोडू नकोस.

समज, तू खरोखरच ठार अंतर्मुख निघालास. तरीही शिकवता येतं. ब्रायन लिटल हे कॅनडात जन्मलेले मानसशास्त्रज्ञ स्वतः पक्के अंतर्मुख आणि तरीही विद्यार्थ्यांचे अतिशय आवडते प्राध्यापक. मनापासून प्रिय असलेल्या कामासाठी माणूस आपल्या स्वभावाबाहेर जाऊन वागू शकतो, असं त्यांनी मांडलं. पण त्याची किंमत थकव्याने मोजावी लागते, म्हणून नंतर स्वतःत परतायला जागा हवी, हेही त्यांनी तितक्याच ठामपणे सांगितलं. व्याख्यान संपलं की ते एकांत शोधत. तेव्हा तुला विचारायचा प्रश्न असा आहे: शिकवण्यावर माझं इतकं प्रेम आहे का, की तो थकवा मी आनंदाने सोसेन? आणि तिथे दोन तासांच्या मध्ये एकटं बसायला मिळेल का?

स्वभाव दगडावर कोरलेला नसतो, हेही ध्यानात असू दे. तरुणपणापासून मध्यम वयापर्यंत बहुतेकांचा कामातला नेटकेपणा आणि इतरांशी जुळवून घेण्याची वृत्ती वाढत जाते, असं दीर्घकाळ चाललेल्या अभ्यासांतून दिसलेलं आहे. बाविसाव्या वर्षीच्या निकालावर चाळिसाव्या वर्षीच्या माणसाला बांधून ठेवू नकोस.

समाधानाचा बराचसा भाग तर स्वभावाशी जुळणीतून येतच नाही. आवडीशी जुळणारं काम आणि समाधान यांचा संबंध अभ्यासांत सापडतो, पण तो आपल्याला वाटतो त्याहून बराच माफक आहे. काम कसं आखलेलं आहे, यालाही मोठं वजन असतं. रिचर्ड हॅकमन आणि ग्रेग ओल्डहॅम यांनी १९७० च्या दशकात यासाठी पाच गोष्टी मांडल्या आणि मला आजही त्या तपासून घ्यायला आवडतात. कामात वेगवेगळी कौशल्यं लागतात का, काम सुरुवातीपासून शेवटपर्यंत आपल्या हातून होतं का, त्याने कोणाला काही फरक पडतो का, ते कसं करायचं हे ठरवायची मोकळीक आहे का, आणि ते चांगलं झालं की नाही हे आपल्याला कळतं का. स्वभावाला अगदी साजेशी नोकरीसुद्धा या पाचांत नापास झाली तर वर्षभरात नकोशी होते. विश्लेषणाच्या कामात तुझा अहवाल कोण वाचतो, त्यावरून काही निर्णय होतो का, हे तुला कधीच कळणार नसेल, तर आकडे कितीही आवडोत, तू तिथे रमणार नाहीस. तुला मी जेवढा ओळखतो, त्यावरून हे खात्रीने सांगतो.

पगाराचं एका वाक्यात सांगतो: घराची जबाबदारी असेल तर पैसा हे पूर्णपणे योग्य कारण आहे, आणि त्याबद्दल मनात अपराधीपणा ठेवू नकोस.

पुढचे काही आठवडे एक वही ठेव. दिवसअखेर तीनच गोष्टी लिही: कोणी न सांगता आज काय केलं, काय टाळलं, आणि कशानंतर दमूनही बरं वाटलं. आवड सांगताना माणूस स्वतःलाही फसवतो, पण टाळलेल्या कामांची यादी सहसा खरं बोलते. त्याच दिवसांत आठवड्यातून दोनदा कोणाला तरी शिकव. आधी एकट्याला, मग पाच-सहा जणांना, आणि दोन्हींची नोंद वेगवेगळी ठेव. मोठ्या वर्गाचा प्रश्न त्यानंतरचा.

नोकरीच्या ठिकाणी आधीपासून असलेल्या कोणाशी तरी बोल. "काम कसं आहे?" असं विचारलंस तर "चांगलं आहे" एवढंच उत्तर मिळेल. त्याऐवजी विचार: गेल्या मंगळवारी सकाळी दहा वाजता तुम्ही नेमकं काय करत होता? कामातला कंटाळवाणा भाग कोणता आणि आठवड्यातले किती तास तो खातो? शेवटचा अहवाल दिल्यावर त्याचं पुढे काय झालं? कंटाळवाणा भाग प्रत्येक कामात असतो. शिक्षकाला उत्तरपत्रिकांचे गठ्ठे असतात, विश्लेषकाला अर्धवट, चुकीच्या नोंदी निस्तरत बसावं लागतं. यातलं कोणतं तू कुरकुर न करता करशील, ते मला जाणून घ्यायचं आहे.

नोकरीचं उत्तर द्यायला महिनाअखेरपर्यंत मुदत आहे असं तू म्हणतोस. ते दोन आठवड्यांनी वाढवून मागता येईल का, ते आजच विचार. मागितल्याने कोणी रागावत नाही. मुदत मिळो न मिळो, वही सुरू कर आणि पहिल्या आठवड्याची पानं मला जशीच्या तशी पाठव, अक्षर सुधारून लिहीत बसू नकोस.

कळावे,
तुझा हितचिंतक