जिमनी, दोन मुलं आणि स्पिती: काय घ्यावं, काय राहू द्यावं

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. पाच दारांची मारुती जिमनी, हाताने गिअर टाकायची. तुम्ही दोघं, नऊ वर्षांची मुलगी, पाच वर्षांचा मुलगा. सप्टेंबरात पुण्याहून हिमाचलातलं स्पिती, मनालीकडून चढून सिमल्याकडून परत. खर्चायला लाखभर रुपये, आणि यादीत विंच (रुतलेली गाडी ओढून काढणारी मोटर आणि दोर), लोखंडी बंपर, स्नॉर्कल (इंजिनाला छताजवळून हवा देणारी नळी), छतावरचा तंबू, एलईडी बार. यातलं आधी काय घेऊ, असं विचारलंय.

यातलं काहीच घेऊ नका. आधी जिप्सी आणि आता थार घेऊन मी त्या बाजूला चार वेळा गेलोय, त्यातल्या दोन वेळा मुलं बरोबर होती. तुमच्या यादीतल्या एकाही वस्तूवाचून माझं अडलं नाही. अडलं ते टायरपाशी, हवेपाशी आणि घाईपाशी.

आधी वजनाचा हिशोब करू, कारण तो कुणी करत नाही. जिमनी रिकामी साधारण बाराशे किलोची आहे आणि माणसं-सामानासकट ती दीड टनाच्या थोडीच वर जाऊ शकते. म्हणजे तुमच्या हातात साडेतीनशे किलोसुद्धा नाहीत. चौघांचे पावणेदोनशे-एकशे नव्वद धरा. उरले दीडशे. लोखंडी बंपर आणि विंच मिळून साठ-सत्तर किलो सहज होतात, छतावरचा तंबू आणखी पन्नास. मग कपडे, पाणी, खाणं, हत्यारं कुठे ठेवणार? शिवाय तंबूचं वजन गाडीच्या सगळ्यात उंच जागी बसतं. अरुंद आणि उंच गाडी, एका बाजूला कललेला खडकाळ रस्ता आणि डोक्यावर पन्नास किलो, हे मुलं आत बसलेली असताना मला नको वाटतं. छतावर किती चालतं ते मॅन्युअलमध्ये दिलंय, तो आकडा बघाच.

पुढे लावायच्या लोखंडी गार्डबद्दल एवढंच सांगतो की केंद्र सरकारने डिसेंबर २०१७ मध्येच राज्यांना पत्र पाठवून असे गार्ड मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ विरुद्ध असल्याचं कळवलंय. एअरबॅगच्या सेन्सरचं कामही त्याने बिघडू शकतं. स्नॉर्कलने इंजिनात जाणारी हवा कोरडी राहते, पण वाहत्या पाण्याचा जोर कमी होत नाही. पाणी तेवढं चढायच्या आधीच हलकी गाडी तळ सोडते.

आता टायर. कंपनीचे टायर हायवेचे आहेत आणि हायवेला उत्तम आहेत. तीसेक हजार किलोमीटर झाले असतील तर पाचही बदला, ऑल-टेरेन (डांबर आणि कच्चा रस्ता दोन्हीला चालणारे) घ्या, माप मूळचंच १९५/८० आर १५ ठेवा. पाच म्हणतोय, कारण स्टेपनीही त्यात आली. मनाली आणि स्पितीच्या मधला ग्राम्फू ते बातल हा पन्नासेक किलोमीटरचा पट्टा म्हणजे सुट्या दगडांचा रस्ता. रुंदीकरण चालू आहे, पण तिथे चार तास लागतील असं धरूनच निघा. त्या दगडांच्या कडा धारदार असतात आणि टायरच्या बाजूच्या भिंतीला चिरतात. तळव्याला खिळा घुसला तर पट्टी भरून काम भागतं. बाजूला चीर गेली तर कुठलंही पंक्चर किट उपयोगाचं नाही, स्टेपनीच लावावी लागते. तुमच्या स्टेपनीची हवा शेवटची कधी तपासली होती?

चाक बदलायचा सराव घरच्या पार्किंगमध्ये दोघांनी करून बघा. दोघांनी म्हणजे वहिनींनीही, कारण उंचीने डोकं दुखत असलेला माणूस तुम्हीच असू शकता. जॅकखाली ठेवायला फूटभर लांबीची जाड फळी घ्या. मऊ मातीत जॅक खाली जातो आणि गाडी वर येतच नाही, हे प्रत्यक्ष बघितल्याशिवाय कळत नाही.

हवा हा विषय मला सगळ्यात जवळचा आहे. चांगला कंप्रेसर घ्या, थेट बॅटरीला चिमटे लावायचा. सिगरेट लायटरच्या खाचेत लागणारे स्वस्तातले दोन टायर भरेपर्यंत तापून बंद पडतात. सोबत एक वेगळा प्रेशर गेज ठेवा. खडकाळ रस्ता सुरू झाला की हवा चोवीस पीएसआयच्या (हवेच्या दाबाचं माप) आसपास आणा आणि वेग वीस-तीसच्या पुढे नेऊ नका. टायर दगडावर आपटण्याऐवजी त्याला कवेत घेतो, पकड वाढते, आणि मागे बसलेल्या पोरांना बसणारे दणके निम्मे झाल्यासारखे वाटतात. माझ्या मुलीला पहिल्या खेपेला बातलपर्यंत तीन उलट्या झाल्या. दुसऱ्या खेपेला हवा कमी केली होती, तर ती वाटेतल्या छत्रूनंतर झोपली. वाळूत आणखी खाली जातात, पण दगडांवर फार खाली गेलात तर रिमला मार लागतो. खडकाळ पट्टा संपून रस्ता बरा झाला की थांबून परत हवा भरा. कमी हवेने डांबरावर पळवलं तर टायर तापतो.

उंचीवर हवेचे आकडे फसवतात, तेही सांगून ठेवतो. साडेचार हजार मीटरवर बाहेरच्या हवेचा दाब खालच्यापेक्षा साधारण सहा पीएसआयने कमी असतो. त्यामुळे पुण्यात बत्तीस भरलेली हवा तिथे गेजवर सदतीस-अडतीस दिसायला हवी. पण थंडीने तीच हवा आकसते, दर साडेपाच अंशांना सुमारे एक पीएसआय. पहाटेच्या गारठ्यात दोन्ही मिळून आकडा जवळजवळ तोच दिसतो, आणि दुपारी ऊन लागलं की एकदम चढतो. म्हणून रोज सकाळी, गाडी हलवण्याआधी मोजायचं आणि त्याच आकड्यावर निर्णय घ्यायचा.

फोर बाय फोरबद्दल तुम्ही काही विचारलं नाहीत, पण इथेच बऱ्याच जणांचा गोंधळ होतो. तुमच्या गाडीत मधला डिफरन्शियल (पुढच्या-मागच्या चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारा) नाही. फोर हाय (चारही चाकांना जोर, नेहमीचा वेग) कोरड्या डांबरावर ठेवून वळणं घेतलीत तर पुढची-मागची चाकं एकमेकांशी झगडतात आणि सगळा ताण ट्रान्समिशनवर येतो. माती, खडी, चिखल, बर्फ असेल तिथेच टाका. लो (चारही चाकांना जोर, वेग कमी आणि ताकद जास्त) मात्र स्पितीत निराळ्याच कारणासाठी लागतो. स्पितीत शिरायची कुंझुमची खिंड साडेचार हजार मीटरच्या वर आहे आणि तुमच्या इंजिनाला टर्बो (आत जोराने हवा कोंबणारा पंखा) नाही. तिथे हवा चाळीस टक्क्यांनी विरळ, म्हणजे एकशे पाच हॉर्सपॉवरमधले साठेक उरतात. अशा दम गेलेल्या इंजिनाने भरलेली गाडी चढवायला क्लच जाळण्यापेक्षा थांबून लो टाका आणि रांगत जा. उतारालाही तेच, म्हणजे ब्रेक थंड राहतात. भोर-वेल्ह्याकडच्या कच्च्या रस्त्यांवर दोन रविवार याचा सराव करा. रस्ता असेल तिथेच मात्र. कासच्या पठारासारख्या सड्यांवर चाक नेऊ नका, तिथली फुलं चाकाखाली गेली की गेली.

रुतलेली गाडी काढायला फावडं, दोन रिकव्हरी बोर्ड (रुतलेल्या चाकाखाली घालायच्या पट्ट्या) आणि एक चांगला दोर एवढं पुरे. दोर ताणणारा घ्या, पाच टनांच्या आसपासचा, आणि अडकवायला कापडी शॅकल, म्हणजे दोराचीच कडी. बाजारात लोखंडी आकडे लावलेले टोचन पट्टे मिळतात, ते फुकट दिले तरी नको. का ते सांगतो. काही वर्षांपूर्वी मावळात एका ओढ्यात मेव्हण्याची गाडी बसली. घाईत आम्ही असाच पट्टा लावला, आणि तोही खालच्या सस्पेन्शनच्या दांडीला. जोर दिला, आकडा उघडला आणि माझ्या गाडीची मागची काच फोडून आत सीटमध्ये रुतला. ज्या सीटमध्ये रुतला तिथे अर्ध्या तासापूर्वी माझी मुलगी बसली होती. त्या दिवसापासून माझा नियम असा: दोर ताणायच्या आधी सगळे दोराच्या दीडपट लांब आणि बाजूला, दोराच्या मध्यावर जड सतरंजी किंवा ओलं पोतं, आणि दोर अडकवायचा तो मॅन्युअलमध्ये दाखवलेल्या जागीच. ओढायची वेळ बहुधा येतही नाही. दहापैकी आठ वेळा चाकापुढची माती उकरून, हवा आणखी कमी करून गाडी आपली आपण निघते.

नाल्यांचं गणित घड्याळावर चालतं. वरचं बर्फ उन्हाने वितळतं आणि पाणी दुपारी चढतं. सकाळी घोट्याएवढा असलेला नाला तीनच्या सुमारास मांडीपर्यंत येऊ शकतो. म्हणून तो पट्टा पहाटे निघून दुपारच्या आत संपवा. सप्टेंबरात पाणी उतरलेलं असतं, हे तुमच्या बाजूने आहे. तरी पुढची गाडी पार होईपर्यंत थांबून तिची चाकं कुठे जातात ते बघा. पाणी चाकाच्या मध्याच्या वर दिसलं तर वाट बघायची. लो, पहिला गिअर, एकसारखा पाय, मध्ये क्लच दाबायचा नाही. पाण्यात इंजिन बंद पडलंच तर परत चावी फिरवू नका. आत पाणी ओढलं गेलं असेल तर इंजिनाचे दांडे वाकतात. आणि हौस म्हणून नदीपात्रात उतरणं तर नाहीच. डिसेंबर २०२३ मध्ये लाहौलमध्ये चंद्रा नदीतून गाडी हाकणाऱ्याला पोलिसांनी दंड केला होता, तो योग्यच होता. चंद्रताल तळं रामसर या आंतरराष्ट्रीय यादीतली पाणथळ जागा आहे. गाडी तळ्याच्या अलीकडे थांबते, तिथून पायी जायचं.

आता ज्यासाठी एवढं लिहायला बसलो ते. तुमचा मार्ग उलटा करा. सिमल्याकडून चढा, मनालीकडून उतरा.

मनाली दोन हजार मीटर. तिथून पहाटे निघून त्याच दिवशी साडेचार हजारांवरचा कुंझुम आणि रात्री काझाला, म्हणजे स्पितीतल्या मुख्य गावी, साडेतीन हजारांच्या वर मुक्काम. तरण्याताठ्या माणसाचंही डोकं ठणकतं, तुमच्याबरोबर तर पाच वर्षांचा मुलगा आहे. आणि काझाची गोम अशी की तिथून पटकन खाली येता येत नाही. एका बाजूला परत कुंझुम चढावा लागतो. दुसऱ्या बाजूला हुर्लिंग-सुमदोपर्यंत थोडा उतार मिळतो, मग नाकोसाठी पुन्हा चढ, आणि त्यानंतर कुठे खालचं किन्नौर. उंची बाधलेल्या मुलाला घेऊन हे रात्री करावं लागणं काय असतं याची कल्पना करा.

सिमल्याकडून नारकंडा किंवा सराहन, मग कल्पा साधारण एकोणतीसशे मीटर, तिथे दोन रात्री. पुढे नाको जेवणापुरतं आणि मुक्काम ताबोला. ९९६ सालचा मठ आहे, मातीच्या भिंतींच्या आतली चित्रं मुलं गप्प राहून बघतात, माझी तरी बघत राहिली. मग काझा तीन रात्री. हिक्किम, कोमिक हे साडेचार हजारांच्या आसपासचे भाग दिवसा जाऊन यायचे, झोपायला खाली काझाला. असं गेलात तर कुंझुमला पोचेपर्यंत शरीराला आठवडा मिळालेला असतो. चंद्रतालची तंबूतली रात्र या खेपेला सोडा, रात्री फार गारठतं आणि उंची सव्वाचार हजारांच्या वर आहे. पुणे ते सिमला अठराशे किलोमीटर आहेत, त्याला तीन पूर्ण दिवस द्या. एकूण सोळा-सतरा दिवस होतात. रजा तेवढी नसेल तर सिमला किंवा चंदीगडपर्यंत गाडी कुणाकडून पोचवून घ्या, नाहीतर स्पिती पुढच्या वर्षी. दिवस कापून मात्र जाऊ नका.

निघण्याआधी मुलांच्या डॉक्टरांना भेटा. डायमॉक्स (उंचीच्या त्रासावरची गोळी) द्यायची की नाही, किती, हे त्यांनीच ठरवायचं. सल्फाची ॲलर्जी असेल तर आवर्जून सांगा. लहान मूल "डोकं दुखतंय" म्हणेलच असं नाही. ते चिडचिडं होतं, खात नाही, खेळत नाही, उलटी करतं. असं दिसलं तर त्या दिवशी वर जायचं नाही. बसल्या जागी धाप लागली, तोल जायला लागला, तर वाट न बघता खाली. काझाला सरकारी दवाखाना आहे, तिथे संकोच न करता जा.

किरकोळ बाबी. पेट्रोलचे कॅन नकोत: रेकाँगपिओखाली पोवारीला पंप आहे, मग काझाला, दोन्हींमध्ये सुमारे दोनशे किलोमीटर, आणि काझाहून मनालीही साधारण तेवढंच. चाळीस लिटरची टाकी प्रत्येक पंपावर काठोकाठ भरलीत तर पुरतं. गाडीच्या आत पेट्रोल आणि मुलं एकत्र नकोतच. डिकीतलं सगळं सामान जाळीने बांधा. मागच्या सीटच्या पाठीशी सुटा पडलेला कंप्रेसर जोरात ब्रेक लागल्यावर पुढे येतो. अमेरिकेतल्या भावाकडून सॅटेलाइट मेसेंजर मागवायचं मनात असेल तर नको. परवान्याशिवाय ते बाळगणं आपल्याकडे गुन्हा आहे आणि लोकांना अटक झालेली आहे. त्याऐवजी मुक्कामाच्या ठिकाणी "उद्या अमुक ठिकाणी पोचणार" असं सांगून निघायची सवय ठेवा. छत्रू ते लोसर फोन लागेल असं धरू नका. बातलच्या ढाब्यावर पुढच्या नाल्यांची खबर मिळते, ती कुठल्याही ॲपपेक्षा ताजी असते.

पैशांचं म्हणाल तर पाच टायर, कंप्रेसर, दोर-शॅकल, बोर्ड, फावडं, पंक्चर किट, अग्निशामक आणि सामानाची जाळी. उरलेले काझाच्या जादा रात्रींना ठेवा. टायर आत्ताच बदला, म्हणजे निघण्याआधी हजारभर किलोमीटर होतील आणि अलाइनमेंट पुन्हा बघून घेता येईल. दोर आणि बोर्ड माझ्याकडे आहेत, मी सप्टेंबरात कुठे जात नाही. कोथरूडला येऊन घेऊन जा, येताना गाडीही आणा. चौघं आत बसून, सामान भरून वजनकाट्यावर चढवून बघू.