महाराज ‘जाऊ नकोस’ म्हणतायत, आज्ञा मोडली तर गुरुद्रोह होईल का?

पत्र, थोडक्यात: ताई, मी सांगलीकडची, वय 41, बँकेत नोकरी. बाबा गेले तेव्हा मी पार कोसळले होते, मैत्रिणीने एका महाराजांच्या सत्संगाला नेलं, पुढे अनुग्रह घेतला आणि खरं सांगते त्या माणसाने मला उभं केलं. एक पैसा घेत नाहीत. पण आता प्रत्येक गोष्ट त्यांना विचारूनच करायची असं झालंय. मागे प्रमोशन आलं तेव्हा ‘साधना तुटेल’ म्हणाले, मी सोडलं. आता परत आलंय, पुण्याला बदली, नवरा आणि मुलगी तयार आहेत, महाराज नाही म्हणतायत. त्यात लग्नाआधीची एक गोष्ट मी फक्त त्यांना सांगितली होती, ती त्यांनी गेल्या महिन्यात सत्संगात ‘एका साधिकेचं उदाहरण’ म्हणून सांगितली. नाव घेतलं नाही पण बायका माझ्याकडेच बघत होत्या. एक गुरुभगिनी म्हणते, देव कोपला तर गुरू वाचवतो, गुरू कोपला तर कुणीच वाचवत नाही. मुलीला काही झालं तर? मी वाईट शिष्य आहे का?

अगं, नाहीस. हे आधी सांगून टाकते, कारण पत्रात तू हा प्रश्न सगळ्यात शेवटी विचारलायस पण मला वाटतं रात्री झोप उडवतोय तो हाच.

त्या काळात त्यांनी तुला उभं केलं हे मी खरंच मानते, ते खोटं ठरवायची काहीच गरज नाही. बरेचदा लोक असं पत्र वाचलं की लगेच ‘सगळे बुवा भोंदू’ म्हणून मोकळे होतात आणि मग तुझ्यासारखी बाई गप्प बसते, कारण तिला मिळालेलं समाधान तर खरं असतं ना. पण बाबा गेल्याच्या दुःखातून बाहेर काढलं म्हणून तुझी बदली, तुझं प्रमोशन, तुझ्या घराचे निर्णय हे सगळं त्यांच्या हाती गेलं, असं कुठे ठरलं होतं? अनुग्रह घेताना तू काय घेतलंस ते आठव. नाम घेतलंस, रोजची उपासना घेतलीस. नोकरीचे निर्णय लिहून दिले नव्हतेस.

आता गुरुभगिनीच्या त्या वाक्याबद्दल. ज्या घरात गुरुचरित्राचं पारायण होतं तिथे हे वाक्य सगळ्यांना पाठ असतं आणि त्याची भीती किती खोल बसते हे मला माहितीये. म्हणून तुला पारायणातलंच सांगते. दुसऱ्या अध्यायात वेदधर्म आणि संदीपकाची गोष्ट आहे बघ, गुरुसेवेचं सगळ्यात कडक उदाहरण म्हणून जी सांगतात ती. तिची सुरुवात कशी होते? वेदधर्म सगळ्या शिष्यांना जवळ बोलावतात आणि आधी सगळं उघड सांगतात, की माझं जुनं पाप शिल्लक आहे, काशीला जाऊन ते भोगायचंय, अंगावर कुष्ठ येईल, आंधळा-पांगळा होईन, 21 वर्षं कुणीतरी सांभाळावं लागेल, कोण येतंय? बाकीचे शिष्य गप्प बसतात, एकटा संदीपक हो म्हणतो. जे गप्प बसले त्यांना गुरू शाप देत नाहीत, त्यांच्या पोराबाळांचं वाईट होईल असंही म्हणत नाहीत. आणि संदीपक जेव्हा म्हणतो की तुमचं पाप मीच भोगतो तेव्हा वेदधर्म चक्क नको म्हणतात, की आपलं पाप आपणच भोगायचं असतं, ते मुलावर किंवा शिष्यावर टाकता येत नाही.

आता सांग, ज्या अध्यायात गुरूची एवढी थोरवी गायलीये तिथेच जर एकाचं पाप दुसऱ्यावर जात नाही, तर तू पुण्याला बदली घेतलीस म्हणून तुझ्या मुलीला काय होणारे? काही नाही होणार गं. पुण्यात तिलाही इतर मुलांसारखा सर्दी-ताप येईल, एखाद्या पेपरात कमी मार्क पडतील, आणि तेव्हा कुणीतरी फोन करून ‘बघ, सांगितलं होतं’ म्हणेल. हे मी आत्ताच सांगून ठेवतेय म्हणजे तो फोन आला की तू हादरणार नाहीस.

‘पैसे घेत नाहीत’ हे तू पत्रात दोनदा लिहिलंयस. ते चांगलंच आहे. पण तेवढ्यावर माणूस तपासून होत नाही. चाळीस-पन्नास माणसं कुठलाही निर्णय घ्यायच्या आधी आपल्या तोंडाकडे बघतात, याची सवय लागली की ती पैशापेक्षा सुटायला अवघड जाते, आणि ती चांगल्या माणसालाही लागते. तुझे महाराज मनाने वाईट आहेत असं मी म्हणत नाहीये. पण गीतेत अठरा अध्याय समजावून झाल्यावर कृष्णसुद्धा अर्जुनाला म्हणतो की याचा नीट विचार कर आणि मग तुला हवं तसं कर. आणि आपले तुकोबा तर म्हणतात की उपदेश पावसासारखा सगळ्यांवर करावा पण गुरूने शिष्य करू नये. समर्थांनी तर दासबोधात स्पष्टच सांगितलंय की जो शिष्याला साधनेला लावत नाही, इंद्रियांवर ताबा मिळवायला शिकवत नाही, असले गुरू अडक्याला (म्हणजे जुन्या काळच्या अगदी क्षुल्लक नाण्याला) तीन मिळाले तरी टाकून द्यावेत. म्हणजे गुरूला पारखायचं आणि वेळ आली तर सोडायचं, हे आपल्याच परंपरेत सांगितलंय, ते काही बाहेरून आलेलं शहाणपण नाही. तेव्हा गुरुद्रोह वगैरे शब्दांना घाबरू नकोस.

बदलीपेक्षा मला तुझी ती दुसरी गोष्ट जास्त टोचली. तू एकांतात, विश्वासाने सांगितलेलं त्यांनी भर सत्संगात काढलं. नाव घेतलं नाही म्हणून काय झालं, बायका वळून बघत होत्या म्हणजे सगळ्यांना कळलं होतं आणि ते कळेल हे त्यांना माहीत नसेल असं मला तरी वाटत नाही. हे चुकलंय. साफ चुकलंय. तुझं मन तेव्हा ‘माझा अहंकार मोडायला केलं असेल’ असं म्हणालं असं तू लिहिलंयस, पण बाई, तुझी लाज चव्हाट्यावर आणून कुणाचा अहंकार मोडत नसतो, फक्त पुढच्या वेळी तू मान वर करून बोलत नाहीस.

तर आता काय करायचं. ऑफिसला होकार कळवून टाक, आधी ते. मग महाराजांना भेट, नवऱ्याला बरोबर घेऊन जा, आणि विचारायला जाऊ नकोस, सांगायला जा: ‘महाराज, आम्ही पुण्याला जायचं ठरवलंय, नाम तिथेही चालू राहील, आशीर्वाद द्या.’ एवढंच. का, कशासाठी, याची उलटतपासणी सुरू झाली तर तेच वाक्य परत म्हण आणि नमस्कार करून ऊठ. आणि सत्संगात झालं त्याबद्दल तुला बोलायचं असेल तर तेही तिथेच सांग, ‘मी फक्त तुम्हाला सांगितलं होतं, तुम्ही ते सगळ्यांत सांगायला नको होतं.’ त्यांनी मान खाली घालून ‘चुकलं माझं’ म्हटलं तर हे नातं अंतर ठेवून टिकू शकतं, सणावारी जा, प्रवचन ऐक. चिडले, वाईट होईल म्हणाले, इतरांना तुझ्याशी बोलू नका सांगितलं, तर परत पायरी चढू नकोस. दोन्हीपैकी काहीही झालं तरी यापुढे घरातली खाजगी गोष्ट तिथे सांगायची नाही.

आत्ता तुझी केस त्या थराला नाहीये, तरी माहीत असू दे म्हणून लिहिते. महाराष्ट्रात 2013 पासून जादूटोणाविरोधी कायदा आहे, डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून झाला त्याच वर्षी तो आला, 6 महिने ते 7 वर्षं शिक्षा आहे त्यात. अंगात शक्ती आहे असं भासवून कुणी भीती घालायला लागलं, त्रास द्यायला लागलं किंवा अंगचटीला आलं, तर सहन करत बसायचं नाही, थेट पोलीस स्टेशन गाठायचं.

आणि छातीत धडधडतं, रात्री तीनला जाग येते म्हणालीस त्याचं काय? इतकी वर्षं एकाच माणसाच्या होकारावर चालल्यावर स्वतःच्या जोरावर पाऊल टाकताना अशी भीती वाटतेच, तो काही गुरूचा कोप नाही. पंधरा दिवसांत कमी झालं नाही तर डॉक्टरांना दाखव, किंवा 14416 ला फोन कर, टेलि-मानस आहे, सरकारी आहे, फुकट आहे, मराठीत बोलतात.

जप मात्र सोडू नकोस, तुला आवडतो ना. नाम काही त्यांच्या मालकीचं नाही, त्यांनाही कुणाकडून तरी मिळालेलंच आहे. पुण्यात गेल्यावर संध्याकाळी हरिपाठ म्हण, मुलगी बसली तर बसली. फक्त एक कर, तिकडे लगेच दुसरे महाराज शोधायला निघू नकोस. कुणीतरी चांगलं सुचवेल, शेजारची एखादी काकू चला म्हणेल, तरी निदान वर्षभर नाही म्हण आणि तेवढ्या वर्षात घरातले लहानमोठे निर्णय तुम्ही तिघांनी बसून घ्या, चुकले तरी चालतील.