पाय धुवून घ्यायला नाही म्हटलं, तो नम्रपणा होता का?

बाय, तुझं पत्र मी परत परत वाचलं. वसईत तुझी फुलांची नि भाजीची वाडी, वय पन्नाशीचं, चर्चमधली झाडलोट, अल्टरची फुलं, आजाऱ्यांच्या भेटी, सगळ्यात तू पुढे. यंदा पवित्र गुरुवारी, येशूने शिष्यांचे पाय धुतले त्या आठवणीत, ज्या बारा जणांचे पाय धुवायचे त्यात फादरांनी तुझं नाव घेतलं आणि तू हात जोडून म्हणालीस, “फादर, मी कुठली त्या लायकीची.” सगळे म्हणाले किती नम्र बाई! आणि तुला रात्रभर झोप नाही, कारण खरं काय ते तुला ठाऊक आहे. टाचा फाटलेल्या, भेगांत वाडीची माती बसलेली, ती दगडाने घासून पण निघत नाही, आणि असले पाय भरल्या चर्चसमोर फादरांच्या हातात द्यायचे? वर तू लिहिलंयस की ऑपरेशननंतर जाऊबाईने पाठवलेला डबा पण परत पाठवलास, कन्फेशनला, म्हणजे फादरांपुढे पापं कबूल करायला, जाऊन वर्षं झाली कारण सांगण्यासारखं काही सापडतच नाही, आणि प्रार्थना कोरडी पडलीये. “मावशी, मी नम्र की गर्विष्ठ?”

स्पष्ट सांगते, रागावू नकोस. टाचांची लाज वाटली यात गर्व वगैरे काही नाही, कुठल्याही बाईला वाटेल. पण डबा, कन्फेशन आणि पाय या तिन्ही गोष्टी एकत्र ठेवून बघ ना, तिन्हीकडे तू एकच म्हणतेयस की मला कोणाचं काही नको, मी देईन. दुखणं तिथे आहे, टाचेत नाही.

येशूच्या शिष्याने, पेत्राने पण हेच केलं होतं. योहानाच्या शुभवर्तमानात 13व्या अध्यायात तो म्हणतो, प्रभू, माझे पाय तुम्ही कधीच धुवायचे नाहीत. ऐकायला किती नम्र वाटतं! पण येशू त्याचं कौतुक करत नाही, उलट म्हणतो मी तुला धुतलं नाही तर तुझा माझ्याशी वाटाच नाही. आणि पुढे त्याच जेवणात सांगतो की तुम्ही पण एकमेकांचे पाय धुवा, म्हणजे कोणीतरी खुर्चीत बसून पाय पुढे करायलाच हवा ना. तू इतकी वर्षं फक्त तांब्या आणि टॉवेल धरून उभी आहेस.

लूकच्या शुभवर्तमानातला परुशी आठव, धर्माचे नियम काटेकोर पाळणारा. आठवड्याला दोन उपवास, कमाईचा दशमांश, तो खोटं बोलतोय असं गोष्टीत कुठेच नाही. पण त्याच्या सगळ्या प्रार्थनेत मागणं एकसुद्धा नाही गं. त्याच गोष्टीतल्या जकातदाराकडे, ज्याला लोक पापी समजत, मात्र दुसरं काही नव्हतंच, छाती बडवून दया मागितली आणि तोच नीतिमान ठरून घरी गेला. तुझी प्रार्थना कोरडी का पडली हे मला इथे दिसतं, तू देवाला सगळं कळवतेस, मागत काही नाहीस. आपल्याकडची बावखलं, म्हणजे गोड्या पाण्याची तळी, बुजवून लोकांनी घरं बांधली आणि आजूबाजूच्या विहिरी खारट झाल्या, तू आपल्या जीवातली खोलगट जागा सेवेनेच बुजवत आणलीस, कृपेचं पाणी मुरणार कुठे?

आणि “लायकी नाही” हे तर आपण दर मिस्साला कम्युनियनच्या, म्हणजे पवित्र भाकर घेण्याच्या, आधी म्हणतो, प्रभो, तू माझ्या घरी यावंस एवढी माझी योग्यता नाही. पण ते म्हणून कोणी बाकावर बसून राहत नाही, उठून लाईनीत जातो आणि तोंड उघडतो. योग्यता नाही आणि तरी घ्यायचं. हेच मला तुला सांगायचंय.

आपल्या वसईचे संत गोन्सालो गार्सिया बघ. जपानमध्ये जेझुइट या धर्मसंघाबरोबर राबले, संघात घ्या म्हणून मागितलं, घेतलं नाही. मग व्यापार केला, आणि मनिलाला जाऊन परत मागितलं तेव्हा फ्रान्सिस्कन या दुसऱ्या संघाने साधा ब्रदर म्हणून, फादर म्हणून नव्हे, घेतलं, 1597 मध्ये नागासाकीला क्रुसावर गेले ते ब्रदर म्हणूनच. नकार पचवून परत हात पसरायचा, त्याला किती जिगर लागत असेल!

तर आता असं कर. जाऊबाईला फोन लाव आणि म्हण, मला अजून ओट्यापाशी उभं राहवत नाही, डबा पाठवशील का. रिकामा डबा परत द्यायचा नाही ही आपली रीत मला माहितीये, पण यावेळी नुसता धुवून दे, आत काही घालू नकोस. जड जाईल, जाऊ दे.

कन्फेशनला आपल्या फादरांची लाज वाटत असेल तर शेजारच्या पॅरिशमध्ये जा, त्याला काही बंदी नाही. पापांची यादी करत बसू नकोस, जे मला लिहिलंस तेच सांग, की मला कोणाकडून काही घेता येत नाही, देवाकडून पण नाही. तेवढ्याने सुरुवात होईल, पुढचं फादर विचारतील.

आणि पुढच्या पवित्र गुरुवारसाठी आपणहून नाव दे. 2016 च्या आधी नियमात फक्त पुरुषांचेच पाय धुवायचे असं होतं, पोप फ्रान्सिस यांनी ते बदललं, म्हणजे तुझ्या आईला ही खुर्ची मिळालीच नसती. टाचांना खोबरेल लावायचं तर लाव, पण माती पूर्ण निघेपर्यंत थांबू नकोस, वाडीत राबणाऱ्या बाईची ती कधीच निघत नाही.