ख्रिस्ती झाल्यावर घर, गाडी, पैसा सगळं सोडायलाच लागतं का?

नाही, सगळ्यांना एकच हिशोब लावलेला नाहीये. बायबलमध्ये लूक 18 मध्ये येशू एका श्रीमंत अधिकाऱ्याला सगळं विकून गरिबांना वाटून दे म्हणतो, पण पुढच्याच अध्यायात जक्कय आहे ना, जकातदारांचा मुख्य, तो स्वतःहून अर्धी मालमत्ता गरिबांना देतो आणि ज्यांना लुबाडलं त्यांना चौपट परत करतो, आणि येशू म्हणतो आज या घराला तारण झालं. म्हणजे प्रश्न पैसा किती हा नाही, पैशाने तुम्हाला किती धरून ठेवलंय हा आहे. आणि 1 तीमथ्य 6:10 लोक अर्धवटच सांगतात, तिथे वाईटाचं मूळ म्हणून द्रव्याचा लोभ लिहिलंय, नुसतं द्रव्य नाही.

आमच्याकडे आई पगार आला की आधी दशमांशाचं, म्हणजे कमाईतला दहावा भाग देवाला द्यायचा त्याचं, पाकीट भरून स्टीलच्या डब्यात ठेवायची, मग किराण्याची यादी, मग बाकीचं. मी नोकरीला लागल्यावर उलटं केलं, आधी बाईकचा हप्ता, मोबाईल, आणि उरलं तर अर्पण, आणि खरं सांगतो कधीच उरलं नाही. आता पुन्हा आईसारखंच करतोय. बाईक विकली नाही, फक्त पाकीट आधी भरतो. तुम्ही पण या महिन्यापासून एवढंच करून बघा, रक्कम लहान असली तरी चालेल, बायबलमधल्या त्या गरीब विधवेने मंदिराच्या दानपेटीत दोन टोल्याच, म्हणजे दोन अगदी छोटी नाणीच, टाकली होती.