मीपण आणि मीपणा, एकच का वेगवेगळे?

सांगलीच्या एका ताईंनी विचारलंय की प्रवचनात कधी 'मीपण सोडा' असं ऐकू येतं तर कधी 'मीपणा सोडा', मग टिपणं काढताना बरोबर कुठलं लिहायचं, आणि याच्या उलट शब्द कुठला. ताई, बरोबर दोन्ही आहेत पण एक नाहीत, आणि हा फरक मला फार मोलाचा वाटतो म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

आधी शहाणपण घेऊ. आमच्या साताऱ्याकडं पोराला दम देताना 'लय शानपणा करू नगंस' म्हणतात, तिथं 'शानपण' कुणी म्हणत नाही. आणि तेच पोरगं नीट वागाय लागलं की 'आता शानपण आलं बघ त्याला', इथं पणा चालत नाही. म्हणजे शहाणपण येतं, सुचतं, असतं, आणि शहाणपणा माणूस करतो. तसंच मोठेपण लोकांना दिसतं आणि मोठेपणा आपला आपण मिरवतो. ते शहाणपण, तो शहाणपणा, लिंगसुद्धा वेगळं.

यावरून पणा म्हणजे वाईट असं मात्र समजू नका, चांगुलपणा, साधेपणा, प्रामाणिकपणा हेही पणाच आहेत की. मला वाटतं पण ही स्थिती आणि पणा हे वागणं. बालपण कुणी करत नाही, ते असतं, पोरकटपणा करतात. एकटेपण-एकटेपणा सारखे काही शब्द हे पाळत नाहीत, पण भाषेचा कल हाच.

आता मीपणा म्हणजे दर वाक्यात मी केलं मी दिलं, देणगीच्या पाटीवर नाव पाहिजेच, पहिला मान मलाच. तो चारचौघांना दिसतो, टोचतो, आणि ठरवलं तर कमीही करता येतो. मीपण त्याच्या खालचं. मी म्हणून कुणीतरी सगळ्यांपासून वेगळा आहे ही नुसती जाणीव, ती अगदी गरीब स्वभावाच्या माणसालाही असते. सांख्य या जुन्या तत्त्वज्ञानातला 'अहंकार' हाच, प्रकृती म्हणजे मूळ तत्त्व, तिच्यापासून महत् म्हणजे बुद्धी आणि तिच्यापासून अहंकार, त्यात गर्वाचा संबंध नाही, आपण मराठीत तो शब्द गर्वाला वापरतो म्हणून घोटाळा होतो. मीपणा गेल्यावरही 'माझा मीपणा गेला' असं म्हणणारं जे आत उरतं ते मीपण.

सज्जनगडाच्या समर्थांचे मनाचे श्लोक 205, त्यात लागोपाठ काही श्लोकांचा शेवटचा चरण एकच आहे, 'जुने ठेवणे मीपणे आकळेना'. मीपणे म्हणजे मीपणामुळे. आता गंमत बघा, विभक्ती लागली की दोन्ही शब्दांचं रूप सारखंच होतं, मीपणाने, मीपणाचा, त्यामुळं नुसत्या रूपावरून ओळखता येत नाही, आजूबाजूचं बघावं लागतं. मी तिथं मीपणच वाचतो, कारण त्यातल्या एका श्लोकात आदल्याच चरणात देहबुद्धी, म्हणजे देह हाच मी ही समजूत, आलीय. आणि ठेवणं म्हणजे पुरून ठेवलेला ठेवा. तो बाहेरून मिळवायचा नाही, घरातच आहे, पूर्वीपासूनचा आहे, फक्त मीपणामुळं हाताला लागत नाही. समाधानाबद्दल इतक्या कमी शब्दांत इतकं नेमकं मी दुसरीकडं वाचलं नाही. तर टिपणात वागण्याबद्दल असेल तिथं मीपणा आणि जाणिवेबद्दल असेल तिथं मीपण लिहा.

उलट शब्दाचं म्हणाल तर मी 'आपलेपण' म्हणेन. आपण हा शब्दच मुळात संस्कृत आत्मन् वरून आलाय, प्राकृतात अप्पा, अप्पण आणि मग मराठीत आपण. म्हणून तो 'स्वतः'लाही चालतो (आपण आपलं काम करावं) आणि समोरच्याला धरून सगळ्यांनाही चालतो. 'आम्ही गडावर चाललोय' म्हटलं की ऐकणारा खाली पायथ्याच्या परळी गावातच राहतो, 'आपण जाऊया' म्हटलं की तोही पायऱ्या चढायला लागतो.