पैसे मागितल्यावरच मालात दोष निघतो तेव्हा

कोल्हापूरच्या उद्यमनगरातले एक मशिनशॉपवाले अडकलेल्या पैशासाठी आमच्याकडे सल्ल्याला आले, तेव्हा त्यांची झोप उडाली होती. "माल नेताना काय बोलला न्हाई. आता पैसं मागितल्यावर म्हणतोय, बोअर ओव्हरसाइज आलाय, म्हंजे भोक मापापेक्षा मोठं. भांडलो तर काम जाईल, गप्प बसलो तर पैसं." शिरोलीच्या एका पार्टीचं, म्हणजे गिऱ्हाईक कंपनीचं, कास्टिंग (ओतीव नग) ते जॉबवर्कवर, मजुरी घेऊन करून देत. चार बिलांचे ६ लाख ४० हजार अडकलेले, वर पार्टीने दोन लाखांची डेबिट नोट, म्हणजे बिलातून तेवढे कापल्याचा कागद, पाठवलेली.

अशा वेळी फोन बंद ठेवायचा. तावातावात "बरं, थोडं कमी करून द्या" असं तोंडून गेलं की पार्टी तेवढंच धरून बसते. आम्ही फाईल उघडली आणि प्रत्येक बिलासमोर तारखा लिहिल्या: चलनावर पोच कधी, बिल कधी, तक्रार कधी. शेवटचा माल १० जूनला पोचलेला. तक्रार २९ ऑगस्टची, तगाद्याचा मेल गेल्याच्या दुसऱ्या दिवशी. एमएसएमई कायद्यात, म्हणजे छोट्या-मध्यम उद्योगांच्या कायद्यात, माल मिळाल्यापासून १५ दिवसांत लेखी हरकत आली नाही, तर माल स्वीकारला असं धरतात.

मग स्पीड पोस्टाने आणि मेलने एकच पत्र गेलं. डेबिट नोट अमान्य. सदोष नग परत पाठवा, दोघांसमोर बोअर गेजने मोजू. खरी तक्रार असलेला माणूस नग लगेच पाठवतो. ज्याने तो माल केव्हाच पुढे विकलाय, त्याच्याकडे पाठवायला काही नसतं. इथे एकही नग आला नाही. मशिनशॉपवाल्यांना क्रेडिट नोट, म्हणजे आपणच बिल कमी केल्याचा कागद, मात्र काढू दिली नाही, कारण ती काढणं म्हणजे दोष कबूल करण्यासारखंच.

पत्रात आणखी दोन गोष्टी होत्या, त्या पार्टीच्या सीएला बरोबर कळतात. लेखी करार असला तरी पैसे देण्याची मुदत ४५ दिवसांपलीकडे जात नाही. त्यानंतर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ व्याज लागतं आणि प्रत्यक्ष पैसे देईपर्यंत त्या बिलाचा खर्च पार्टीला आयकरात वजा मिळत नाही. पैसे न देता बिलाला १८० दिवस झाले की पार्टीने त्या बिलावर घेतलेलं जीएसटी क्रेडिटही (करातली वजावट) उलटवावं लागतं. मात्र व्याजाचा हा आधार सूक्ष्म आणि लघु उद्योगांनाच, निव्वळ व्यापाऱ्याला नाही. उद्यम नोंदणी, म्हणजे अशा उद्योगाची सरकारी नोंदणीही, काम देण्याआधीची हवी. ती कित्येकांनी केलेली नसते, याचं फार वाईट वाटतं.

त्यांच्या शॉपमध्ये पार्टीचा एक तयार लॉट पडून होता. तो अडवून ठेवावा का? करारात वेगळं काही लिहिलेलं नसेल तर त्या लॉटच्या मजुरीपुरता ठेवता येतो. जुन्या बिलांसाठी अडवला तर चूक आपल्या पदरी पडते.

पार्टीने चेक दिला आणि तो परतला, तर बँकेचा मेमो मिळाल्यापासून ३० दिवसांत नोटीस, मग पैशासाठी १५ दिवस, त्यानंतर महिन्याच्या आत कोर्टात तक्रार. यातली एक तारीख हुकली तरी केस अडचणीत येते.

इथे तशी वेळ आली नाही. डेबिट नोट मागे घेतल्याचा मेल आला. लॉटची मजुरी खात्यात जमा झाल्यावर लॉट सोडला, आणि जुनी बाकी तीन हप्त्यांत, सहीशिक्क्याच्या खातेउताऱ्यावर लिहून घेतली. नवं काम निम्मी रक्कम आगाऊ आल्याशिवाय मशिनवर चढत नाही.