हुतात्मा लेट आहे

सई,

परवा फोन ठेवता ठेवता तू विचारलंस, "सोलापूरच्या चार हुतात्म्यांच्या पुतळ्यांना आपण हार घालतो, मग त्या चौकीत जे पोलीस मेले त्यांची नावं कुठे लिहिलीत?" मी म्हटलं, उशीर झालाय, झोप आता. घड्याळात साडेआठच वाजले होते.

आधी पक्कं तेवढं सांगते. ५ मे १९३० ला गांधीजींना अटक झाली आणि सोलापुरात हरताळ पडला. गिरणी कामगार त्यात पुढे होते. ८ मेला गोळीबार झाला, शंकर शिवदारे गेले. मग जमाव खवळला. चौक्या पेटल्या, कोर्ट पेटलं, पोलीस मारले गेले. १२ मे ते ३० जून शहरात मार्शल लॉ, म्हणजे लष्करी अंमल, होता. मंगळवार पेठ चौकीतल्या पोलिसांच्या खुनाबद्दल मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, श्रीकृष्ण सारडा आणि जगन्नाथ शिंदे या चौघांना १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात फाशी दिली.

मेलेल्या शिपायांची नावं खटल्याच्या कागदात असणारच. आपल्या तोंडी मात्र नाहीत. तेही इथलेच, पगारासाठी वर्दी घातलेले. आमच्या पिढीला हे कुणी खोटं सांगितलं नाही गं, नुसतं वगळलं. "जमावाने चौकी जाळली" इथे वाक्य संपायचं. आत कोण होतं, हा प्रश्न पडायला जागाच उरायची नाही. गोष्ट धुवायची सगळ्यात सोपी रीत हीच: क्रियापद ठेवायचं, कर्म काढून टाकायचं.

त्यावर दोन वाक्यं मिळायची. एक, चौघं निरपराध होते, ते तिथे नव्हतेच. दुसरं, चौघांनी इंग्रजांना पळता भुई थोडी केली. एकाच भाषणात, एकाच माणसाकडून. दोन्ही एकदम खरी कशी असतील हे विचारायचं राहून जायचं, कारण मध्ये टाळ्या असायच्या. मला विचारशील तर पहिलं वाक्य जास्त वजनाचं वाटतं. सरकारला जरब बसवायची होती आणि त्यासाठी शहरात ज्यांना लोक ओळखत होते अशी माणसं हवी होती. कुर्बान हुसेन 'गझनफर' नावाचं वृत्तपत्र चालवायचे, म्हणजे नजरेत भरणारच. पण हे माझं मत आहे, पुरावा नव्हे. तू ते उतरवून घेऊ नकोस.

'स्वतंत्र सोलापूर'ची गंमत तर अजून वेगळी. ९ ते ११ मे पोलीस रस्त्यावर नव्हते. कुणी तीन दिवस स्वातंत्र्य म्हणतं, कुणी चार. ८ तारीख धरली की चार होतात. आता बघ, मार्शल लॉ लावायचा तर शहर हातातून गेलं असं दाखवणं सरकारच्याच सोयीचं होतं. काँग्रेसच्या बाजूचं तेव्हाचं म्हणणं नेमकं उलटं: शहर शांत आहे, स्वयंसेवक रहदारी सांभाळताहेत, लष्कर कशाला? पुढे स्वातंत्र्य मिळाल्यावर आपण सरकारचंच रंगवलेलं चित्र उचललं आणि त्याला अभिमानाची चौकट लावली. म्हणून ते सगळं खोटं ठरतं असं नाही. गिरणीच्या भोंग्यावर जगणाऱ्या माणसाला तीन दिवस वर्दी न दिसणं म्हणजे काय वाटलं असेल, हे कुठल्याच कागदात यायचं नाही.

आणि चौघांचा तो मेळ बघ. एक लिंगायत, एक मुसलमान, एक मारवाडी, एक मराठा. भाषणाला याहून सोयीचं काय असणार? ते खरंच आहे आणि मला आवडतंही. फक्त या चौकटीत तेलुगू बोलणारे विणकर आणि हजारो बिननावाचे कामगार बसत नाहीत, म्हणून ते गोष्टीतून हळूहळू गळतात.

तुला शाळेसाठी लिहायचंच असेल तर जुन्या इंग्रजी कागदात 'शोलापूर' असं शोध. 'सोलापूर' टाकलंस तर फारसं काही हाती लागणार नाही. मग एकाच आठवड्याला कोण काय म्हणतंय ते वहीत लिही: दंगल, हरताळ, सत्याग्रह, उठाव, क्रांती. शब्दावरून लिहिणारा कुठे उभा आहे ते कळतं. त्याच्यापुढे साल टाक. १९३० मधलं वर्णन आणि १९७० नंतरचं वर्णन एकाच ढिगात घालू नकोस. आजीला विचारताना "काय झालं होतं?" असं विचारलंस तर ती शाळेत शिकलेलंच सांगेल. "तुला हे कुणी सांगितलं, आणि ते तेव्हा किती वर्षांचे होते?" असं विचार. आजी १९४८ ची. ज्याने ते डोळ्यांनी पाहिलं तो तेव्हा दहाचा धरला तरी १९२० चा. म्हणजे तिच्याकडे आहे ते ऐकलेलं. त्याला किंमत आहे, पण वेगळ्या खणात ठेव. सोळा गावांचं सोलापूर असंही ती ठासून सांगेल. शिलालेखात नाव सोन्नलगे आहे. तिथे वाद घालू नकोस, चहा घे.

आमच्याकडे 'हुतात्मा' म्हणजे आधी गाडी, पुण्याला जाणारी. "हुतात्मा लेट आहे", "हुतात्मात जागा मिळाली का?" मग नाटकं होतात ते स्मृती मंदिर. रिक्षावाल्याला 'चार पुतळा' पुरतं, नावं लागत नाहीत. ज्या पुण्यात त्यांना फाशी दिली तिथे रोज सकाळी त्यांच्या नावाची गाडी जाते आणि डब्यात कुणाला त्याचं काही वाटत नाही. मलाही कित्येक वर्षं वाटलं नव्हतं. तू विचारलंस म्हणून.

हार घालायचा की नाही ते तू ठरव, मी आग्रह करणार नाही. येत्या जानेवारीत १२ तारखेला तिथे असू असं बघते. सिद्धेश्वराची गड्ड्याची यात्राही त्याच आठवड्यात असते, म्हणजे बाबा कुरकुरणार नाहीत. झेंडू घ्यायचा तर सकाळी लवकर घ्यावा लागेल; संक्रांतीमुळे भाव चढलेला असतो.

आई